पाचव्या लेनचं शून्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वीस वर्षं झाली. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि रक्तदाब वाढला तेव्हा "मनावर काही ओझं आहे का?" असं विचारणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. त्यांना मी म्हणालो, ओझं काही नाही, जेवणात मीठ जास्त होतं. तेही खोटंच होतं — मीठ मी मोजून खातो.

मग तुम्हालाच का? एक तर तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं — आकडे कुठेतरी एकदा खरे लिहिले गेले पाहिजेत, असं मला वाटतं. माझं सगळं आयुष्य तपासणीत गेलं. भोसरीच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. मापात एक शतांश मिलिमीटर चूक असलेला भाग मी बाजूला काढत असे, आणि सुपरवायझर कितीही "अहो साहेब, एवढं चालतंय" म्हणाला तरी तो परत पेटीत जात नसे. माझ्या सहीला किंमत होती. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढचं ऐकताना तुमच्या ध्यानात असावं, म्हणून सांगतो.

आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम लावलेली आहे. आत वीतभर चौकोनी कागद. त्यावर काळी वर्तुळं आणि मध्याजवळ दहा भोकं. पाच गोळ्या दहाच्या वर्तुळात, चार नऊच्या, एक आठच्या. एकूण शंभरपैकी चौऱ्याण्णव. खाली पट्टीवर माझं नाव आहे. कागदाचा डावीकडचा खालचा कोपरा मात्र फाटलेला आहे. पाहुणे हटकून विचारतात, एवढी छान फ्रेम, मग कोपरा कसा फाटला? मी सांगतो, टाचणीत अडकला.

टाचणीत अडकला नव्हता. पण थांबा, असं एकदम नाही सांगता यायचं.

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. कारखान्यात जर्मन भागीदार आले आणि सगळं बदललं. भिंती पांढऱ्या झाल्या, चहाचे कप एकाच आकाराचे झाले, आणि वर्षाअखेरी प्रत्येकाने भरायचा एक नवा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता — छंद. मी तो कोरा ठेवला. पर्सोनेल विभागातल्या बाईंनी फॉर्म परत पाठवला. मी जाऊन म्हणालो, मला छंद नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं चालेल? काहीतरी भरा. कोऱ्या रकान्याला जर्मन लोक नापास समजतात."

खोटं लिहिणं मला जमण्यासारखं नव्हतं. (हसू नका. तेव्हा खरंच नव्हतं.) म्हणून मी आधी छंद लावून घ्यायचा आणि मग तो लिहायचा असं ठरवलं. गावाबाहेरच्या एका रायफल क्लबात नवशिक्यांसाठी सहा रविवारांचा वर्ग होता. नवरा-बायको दोघांनी नाव घातलं तर चालत होतं. मी वसुधाला विचारलं. वसुधा म्हणजे माझी पत्नी. ती एका शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात तर कुणाला तरी लागेल. येते मी." ऋचा तेव्हा तीन वर्षांची होती. तिला रविवारी सकाळी बुधवार पेठेत तिच्या आजीकडे सोडायचं आणि स्कूटरवरून क्लब गाठायचा, असं ठरलं.

शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. गाव साताऱ्याकडचं, मिशी पांढरी, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा बाराही जणांना बारा बोअरची एकेक गोळी झाडायला लावली. म्हणाले, "मोठा दणका एकदा खाल्ला, की बारक्याची भीती ऱ्हात न्हाई." हे शास्त्र उलटं आहे, हे पुढे वसुधाने मला दाखवून दिलं. नवशिक्याला हलक्या बंदुकीपासूनच सुरुवात करून द्यायची असते. पण त्या दिवशी मी दस्ता खांद्याला नीट न टेकवता चाप ओढला. दस्त्याने मला असं काही ढकललं की मी आकाशाकडे बघत होतो. खांदा आठवडाभर जांभळा.

वसुधाने तीच बंदूक घेतली, तोच दणका खाल्ला, आणि म्हणाली, "एवढंच होय?" खांद्यावर तिलाही डाग पडला होता. घरी येऊन तिने हळद लावली आणि विषय संपवला.

माझा संपला नाही. पुढच्या रविवारपासून पॉइंट टू-टू रायफल हातात आली. तिचा दणका जवळजवळ नाहीच. बसमध्ये शेजारच्याचा कोपर लागावा इतपत. पण माझ्या खांद्याला ते कोण सांगणार? चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, खांदा पुढे उसळायचा, हात आवळायचा. सुभेदार याला 'बिचकणं' म्हणायचे — घोडा बिचकतो तसं. मी घरी हिशोब करून पाहिला. मीटरभर लांबीच्या बंदुकीची नळी चाप ओढताना दोन मिलिमीटर ढळली, तर पन्नास मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. आणि वीस सेंटिमीटरच्या कागदाच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर म्हणजे कागद संपला. पहिल्या पाच रविवारांत मी शंभर गोळ्या झाडल्या. कागदाला लागल्या एकवीस. वसुधाच्या सत्त्याण्णव. दोघांचेही आलेख मी काढून ठेवले होते.

बिचकणं उघडं पाडायची सुभेदारांची एक रीत होती. बंदूक ते स्वतः भरायचे, आणि मधूनच आपल्याला न सांगता खोटी गोळी घालायचे. आपण चाप ओढायचा. आवाज होत नाही, दणका बसत नाही — पण नळी मात्र खाली मान टाकते. म्हणजे दणक्याने नव्हे, आपणच बंदूक हलवतो, हे सगळ्यांना दिसतं. माझ्या वेळी तर ती नमस्कारच घालायची. सुभेदार ओरडायचे, "बघा, बघा! बंदूक मेलीय, आन् साहेब एकटंच लढाया लागल्यात!"

हसला असाल. सगळेच हसायचे. वसुधा नाही हसली. घरी आल्यावर तिने बुधवार पेठेतून घेतलेली बटणाची छत्री काढली. म्हणाली, "आडवे व्हा." मी हॉलमध्ये पालथा झालो. तिने छत्रीचा दांडा माझ्या खांद्याला लावला, टोक कॅलेंडरकडे केलं. बटण दाबलं की छत्री फाडकन उघडायची आणि दांडा खांद्याला बसायचा. तोच माझा दणका. पण ती छत्रीला कधी भाजीच्या जुडीचा रबर लावायची, कधी नाही — आणि मला बघू द्यायची नाही. रबर असला की बटण दाबूनही छत्री गप्प. उघडणार की नाही हे माहीत नसलं, की माणूस बिचकायचं कशाला हेच विसरतो, हे तिचं गणित. "बटण इतकं हळू दाबा," ती म्हणायची, "की उघडली तर तुम्हालाच नवल वाटलं पाहिजे. आणि डोळे मिटू नका. उघडल्यावर काय दिसलं ते मला सांगायचं."

तीन आठवड्यांत छत्रीपुढे मी बिचकायचा थांबलो. रायफलपुढे नाही.

आणि आता सहावा रविवार. परीक्षेचा. दहा गोळ्या, शंभर गुण. पंच्याऐंशीच्या वर गेलेल्यांना क्लब जिल्हा स्पर्धेला पाठवणार होता. वसुधाला जायचं होतं. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात तिने शाळेच्या वह्या शुक्रवारीच तपासून संपवल्या — तेव्हा मला काय ते कळलं. मला फक्त रकाना भरायचा होता.

पाचही रविवार ती चौथ्या लेनवर पालथी झोपून नेम धरायची, मी पाचव्या. चौथ्या लेनवर बाभळीची सावली यायची. पाचव्यावर ऊन, आणि मुंग्या. परीक्षेच्या सकाळी मी तिला म्हणालो, आज जरा लेन बदलू या का? ती लगेच उठली. "घ्या सावली," म्हणाली. "पण छत्री आठवा."

शिट्टी झाली. समोर बारा खांब, बारा सारखे कागद. मी पहिली गोळी झाडली आणि डोळे मिटले. दुसरीलाही मिटले. एकेक करून दहाही गोळ्या मी डोळे मिटून झाडल्या. त्या कुठे गेल्या असतील ते मला तेव्हाच ठाऊक होतं — मागच्या मातीच्या बंधाऱ्यात. पाचव्या लेनवरून वसुधाचे बार मात्र शांतपणे, सारख्या अंतराने येत होते.

मग लाल झेंडा खाली आला आणि आपापला कागद काढायला आम्ही चालत गेलो. मी चौथ्या खांबापाशी पोचलो आणि उभाच राहिलो. कागदाच्या मध्यावर दहा भोकं. नीट, गोल, जवळजवळ. आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात, वर्तुळांच्या पार बाहेर — अकरावं.

मला समजायला किती वेळ लागला असेल? दोन सेकंद. पाच आठवडे तिने चौथ्या कागदावर नेम धरला होता. पाचव्या लेनवर झोपली, पण डोळा सवयीने तिच्या नेहमीच्या कागदावर गेला. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — एखाद्याच्या कागदावर दहापेक्षा जास्त भोकं निघाली, तर शेजारच्याची गोळी आली असं समजायचं, आणि दोघांनी परत झाडायचं. नियम स्पष्ट होता. अकरा भोकं म्हणजे दोघांची परीक्षा पुन्हा.

मधली दहा तिची. कोपऱ्यातलं एक माझं. बाकीची माझी नऊ मातीत.

टाचणी काढायला मी हात वर केला, आणि... कोपरा फाडला. मी फाडला. अडकला नाही. अंगठा आणि तर्जनी, एकदाच, सरळ खाली. आवाज इतका झाला की मला वाटलं, बाराही जणांनी मागे वळून पाहिलं. कुणीही पाहिलं नव्हतं. तुकडा शर्टाच्या खिशात गेला.

हे सगळं माझ्या मनात आधी ठरलं होतं का? नव्हतं. पण न ठरवता झालं, असंही मी म्हणणार नाही. बोटं माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी न बिचकता एक गोष्ट केली — ती ही.

तिकडे वसुधा पाचव्या खांबापाशी उभी होती. तिच्या हातात कोरा कागद होता. तो तिने उजेडाकडे धरला. उलटा करून पाहिला. सुभेदार आले. त्यांनाही पटेना. ते माझ्याकडे वळले, माझा कागद घेतला, बोटाने भोकं मोजली. परत मोजली.

"साहेब, तुमच्याव अकरा न्हाईत ना?"

"तुम्हीच मोजा," मी म्हणालो.

बघा, यात एक शब्द खोटा नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीत मी एवढं शिकलो होतो — खोटं न बोलता खराब माल कसा पुढे जातो ते.

दहाच भरली. सुभेदारांनी माझी पाठ थोपटली, मग खाली मान घालून तिला म्हणाले, "बाई, आज तुमीबी डोळं मिटलंसा म्हनायचं."

"मी डोळे मिटले नव्हते," वसुधा म्हणाली. एकदाच म्हणाली. मग तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

आता तुम्हाला वाटेल, कोपरा फाडला हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण परत येताना, स्कूटरवर, स्वारगेटच्या सिग्नलला काय झालं ते ऐका. ती मागे गप्प बसली होती. ती गप्प होती ते मला सोसेना. म्हणून मी बोलायला लागलो. मी — मागे वळून, सविस्तर — तिला समजावून सांगितलं की दणक्याची भीती फार आत असते. माणूस बिचकतो तेव्हा डोळे मिटल्याचं त्याचं त्यालाच कळत नाही. तिला वाटतंय उघडे होते, पण तसं सगळ्यांनाच वाटतं. सिग्नल हिरवा झाला. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, घरी जाऊन सांगा की!" तरी मी वाक्य पुरं केलं.

ती म्हणाली, "असेल."

त्यानंतर गोष्टी आपोआप होत गेल्या. क्लबाने तो कागद फ्रेम करून दिला. छंदाच्या रकान्यात 'नेमबाजी' आलं. पर्सोनेलच्या बाईंनी कंसात ९४ आपल्या हाताने लिहिलं. जिल्हा स्पर्धेत मला शंभरपैकी अकरा मिळाले. घरी मी ताप असल्याचं सांगितलं. ताप नव्हता. वसुधाने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. थर्मामीटरचा आकडा तिच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी तो स्वतःच वाचत होतो.

आणि सुभेदार! त्यांच्या दृष्टीने मी चमत्कार होतो. पाच आठवडे डोळे मिटणारा माणूस, सहाव्या आठवड्यात चौऱ्याण्णव. पुढच्या तुकडीपुढे त्यांनी मला उभं केलं — "साहेब, सांगा ह्यांना, कसं जिकलंत भ्यावाला." मी सांगितलं. काय सांगितलं? छत्री. रबर. बटण हळू दाबा, आवाजाचं तुमचं तुम्हालाच नवल वाटू द्या. हलक्या बंदुकीपासून सुरुवात करा. कानात कापूस घाला, कारण निम्मी भीती आवाजाची असते. बार झाल्यावरही डोळे उघडे ठेवा आणि काय दिसलं ते मोठ्याने सांगा. यातला एक मुद्दा सोडला तर सगळं वसुधाचं. कापूस माझा.

गंमत अशी की हे सगळं लागू पडायचं. लोक सुधारायचे. मी सात सूचनांचं एक पान तयार केलं, त्याच्या झेरॉक्स निघाल्या. ऐन मे महिन्यात क्लबावर पंचवीस माणसं छत्र्या घेऊन येऊ लागली. राखणदार विचारायचा, साहेब, वेधशाळेतून काही कळलंय का? सहा वर्षं मी वर्षातून दोनदा हे व्याख्यान दिलं. प्रात्यक्षिक दाखवा, असं कुणी म्हटलं की माझा खांदा दुखायचा.

आणि घरात एक विनोद रुजला. 'शून्य.' आधी तो मीच केला — तिच्या भावाच्या घरी, सगळ्यांसमोर, हलकंच. मग ती स्वतः करायला लागली. वसुधा कॉलेजात असताना कॅरमची आख्ख्या पेठेची विजेती होती. त्या वर्षीच्या दिवाळीत भावाने बोर्ड मांडला तर म्हणाली, "नको रे, माझा नेम गेला." बोर्ड आमच्या माळ्यावर गेला. तो अजून तिथेच आहे. ऋचाने आईला कॅरम खेळताना कधी पाहिलेलंच नाही.

तिचा नेम गेलेला नाही, हे मी सोडून घरात कुणी पाहत नसे. स्वारगेटला बस यायची तेव्हा ती गर्दीत न शिरता बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकायची. तो खिडकीजवळच्या सीटवर, बरोबर मधोमध पडायचा. तिसऱ्या मजल्यावरून किल्ली टाकली तर ती माझ्या ओंजळीतच येते. मला हात हलवावा लागत नाही. मी टाकली की ती पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या कुंडीत जाते. पालीला चप्पल मारायची नाही, फक्त घाबरवायची, म्हणून ती चप्पल पालीपासून चार बोटांवर मारते. दर वेळी चार बोटंच. मी हे बघतो, मनात मोजतो, आणि वर्तमानपत्र वर धरतो. वीस वर्षं वर्तमानपत्र वर धरून हात भरून येतात हो.

सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. सुभेदार गावी वारले तेव्हा वाटलं. रिटायरमेंटचा अर्ज लिहिताना वाटलं. पण दर वेळी, बोलायच्या ऐन क्षणाला, मी बिचकायचो आणि माझे शब्द बंधाऱ्यात जायचे.

मग परवा गुरुवारी ऋचा ऑफिसातून आली. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. तिच्या टीमने सहलीऐवजी रायफल क्लबात दोन दिवसांचा वर्ग ठरवला आहे. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

"बाबा, हे तुमचं आहे? आमच्या ग्रुपवर फिरतंय! अम्ब्रेला ड्रिल म्हणे. सगळे वेडे झालेत त्याच्यावर."

माझंच पान होतं. माझं नाव खाली तसंच.

"आई, तू पण चल ना. फॅमिलीला अलाउड आहे."

वसुधा आतून कणीक मळत म्हणाली, "बाबांना ने गं. ते चौऱ्याण्णव, मी शून्य. दोघं आलो तर सरासरी सत्तेचाळीस, तुझी टीम बुडेल."

"पण तू तर कशालाच दचकत नाहीस! परवा गॅलरीत कुणी सुतळी बॉम्ब टाकला, तर तू उठून त्याचा पत्ता शोधायला गेलीस."

कणकेचा आवाज थांबला.

"मिटले असतील डोळे," वसुधा म्हणाली. "माणसाचं माणसाला कळत नाही म्हणतात."

म्हणतात! कोण म्हणतं? तिला हे आठवत नाही, की ते कुणी म्हटलं. किंवा आठवत असेल. पण वीस वर्षं ती स्वतःच्या दोन उघड्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता माझ्या एका वाक्यावर ठेवून बसली आहे. गणिताच्या बाई. ज्यांनी मुलांना आयुष्यभर सांगितलं, ताळा करून पाहा.

रात्री मला जेवण गेलं नाही. मिठाचं प्रमाण ठीक होतं.

आज शनिवार. त्या दोघी लक्ष्मी रोडला गेल्या आहेत, साडेसातला येतील. मी फ्रेम खाली काढली. मागचे खिळे काढले. मग कपाटातून माझ्या व्हर्नियर कॅलिपरची लाकडी पेटी काढली. पेटीत हिरवं मखमली कापड आहे, आणि त्याच्याखाली वीस वर्षांपूर्वीचा तो कोपरा. टाकून का दिला नाही, विचाराल. नमुना टाकायचा नसतो — क्वालिटीत ते पहिल्याच दिवशी शिकवतात.

तुकडा कागदाला लावून पाहिला. कड कडेला तंतोतंत बसली. चिकटपट्टीने मागून जोडला. भोक व्हर्नियरने मोजलं. कोपऱ्यातलं आणि मधलं, दोन्ही एकाच मापाची. अकरा भोकं. दोनदा मोजली.

खालची पट्टी काढून मी नवी लिहिली —

वसुधा. पाचवी लेन. गोळ्या १०. गुण ९४.
मी. चौथी लेन. गोळ्या १०. कागदावर १. गुण ०.
कोपरा मी फाडला.

'तपासणारा' म्हणून खाली सही केली आहे. त्या पानाच्या आमच्याकडच्या प्रतीवर माझं नाव खोडून तिचं घातलं आहे, आणि कापसाच्या मुद्द्यापुढे माझं. ऋचाच्या मोबाइलमधलं कसं बदलायचं मला येत नाही, ते तिला सांगीन.

कॅरमचा बोर्ड माळ्यावरून काढावा असं मनात आलं होतं. स्टुलावर चढलोही होतो. उतरलो. बोर्ड काढून पुसून मांडणं म्हणजे तिच्याकडून काहीतरी मागण्यासारखं झालं असतं. तो तिचा आहे. काढायचा की नाही ते ती बघेल.

फ्रेम परत खिळ्यावर लावली आहे. थोडी तिरकी लागली आहे, आणि ती मी मुद्दाम सरळ केलेली नाही. घरात पाऊल टाकलं की वसुधा चप्पल काढायच्या आधी ती फ्रेम सरळ करते, वीस वर्षांची सवय आहे. म्हणजे जवळ जाईल. म्हणजे वाचेल.

सात वाजून बावीस मिनिटं झाली आहेत. दार मीच उघडणार आहे. बाजूला उभा राहीन, आणि डोळे उघडे ठेवीन.